‘कोर्ट’ चित्रपटामागची माणसे

‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटात नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिराला अटक होते. आरोप असा, की त्यांचे गाणे ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार व्यावसायिक नट नव्हते. ते नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. मंचावर कसे उभे राहायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल, असे आम्हाला वाटते. गाणी व संगीत संभाजी भगत यांचे. तेही वर्षानुवर्षे वस्त्यांमध्ये गाणारे शाहीर. त्यामुळे यातला जलसा खोटा वाटत नाही.

लेखक-दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे या चळवळीतून आलेले नाहीत. मुंबईत इंग्रजी साहित्य शिकून नाटक, लघुपट केल्यावर त्यांनी केलेला हा पहिलाच कथापट. निर्माते विवेक गोम्बर स्वतः नट. बचाव पक्षाचा वकील त्यांनीच साकारला. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. बाकी बरेच चेहरे कॅमेऱ्यासमोर नवखे.

व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘कोर्ट’ला मिळाला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये, भीमजयंतीच्या तोंडावर, कोरोनाने गेले. बातम्यांनी त्यांना ‘कोर्टमधील अभिनेते’ म्हटले. संपादक आणि कार्यकर्ता ही त्यांची कितीतरी जुनी ओळख, म्हणून आम्ही ती इथे आधी लिहिली.