एका वाक्याचे दोन अर्थ आणि एक फाशी

१/ इंग्रजीत रोजच्या वापरातल्या अगदी लहान शब्दांनाच बहुधा सर्वाधिक अर्थ असतात. ‘लेट’, ‘हॅव’, ‘इट’ हे त्यांपैकीच. अशा शब्दांनी बनलेल्या एका वाक्याच्या आधारे १९५३ साली लंडनमध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाला फाशी देण्यात आली.

२/ २ नोव्हेंबर १९५२, रविवारची रात्र. दक्षिण लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये क्रिस्टोफर क्रेग (वय १६) आणि डेरेक बेंटली (वय १९) हे चोरीच्या उद्देशाने एका गोदामाच्या छपरावर चढले. क्रेगजवळ रिव्हॉल्व्हर होते. पोलीस आले आणि फ्रेडरिक फेअरफॅक्स या अधिकाऱ्याने बेंटलीला पकडले.

३/ पोलिसांच्या साक्षीनुसार त्या वेळी बेंटली ओरडला, “लेट हिम हॅव इट, क्रिस!” क्रेगने गोळी झाडली, फेअरफॅक्स यांच्या खांद्याला जखम झाली. पुढे सुमारे पंधरा मिनिटांनी जिन्याच्या दारातून छपरावर आलेले शिपाई सिडनी माइल्स क्रेगच्या गोळीने ठार झाले. तेव्हा बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता.

४/ या वाक्याचा सरळ अर्थ, ‘ते त्याला देऊन टाक’, म्हणजे शस्त्र पोलिसाच्या हवाली कर. बोलीतला अर्थ मात्र, ‘घाल त्याला गोळी’. मराठीतही ‘देऊ का एक?’ असे कोणी दरडावले, तर ऐकणारा काही मिळेल म्हणून हात पुढे करत नाही! पण मराठीत अशा वेळी सूर आणि प्रसंग अर्थ सांगतात. इथे सूर कागदावर उतरला नव्हता.

५/ बेंटलीने गोळी झाडलीच नव्हती. त्याला खुनाचा दोषी ठरवायचे, तर तो क्रेगच्या हिंसक बेतात सामील होता हे सिद्ध करणे भाग होते. त्यासाठी हे वाक्य सरकार पक्षाला मोलाचे ठरले. क्रेग आणि बेंटली या दोघांनीही ते उच्चारलेच गेले नाही, असे शपथेवर सांगितले.

६/ ११ डिसेंबर १९५२ रोजी ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरवले. बेंटलीबाबत दयेची शिफारस केली. क्रेग १८ वर्षांखालील असल्याने त्याला फाशी देता येत नव्हती. दोनशेहून अधिक खासदारांनी दयेची मागणी केली, तरी गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी ती फेटाळली. २८ जानेवारी १९५३ रोजी वॉन्ड्सवर्थ तुरुंगात बेंटलीला फाशी झाली. ज्याने गोळी झाडली, तो क्रेग १९६३ साली सुटला.

७/ बेंटलीच्या नावावरचा जबाबही पुढे भाषेच्या कसोटीला लागला. बेंटली जवळपास निरक्षर होता. जबाब त्याच्याच शब्दांत उतरवला, असे पोलिसांचे म्हणणे. भाषाशास्त्रज्ञ माल्कम कूल्टहार्ड यांनी त्यातल्या ‘देन’ या साध्या शब्दाकडे लक्ष वेधले. सामान्य इंग्रज ‘देन आय’ म्हणतो. या जबाबात ‘आय देन’ वारंवार येते. ही घडण पोलिसी लेखनाची.

८/ आईवडील आणि बहीण आयरिस यांनी लढा सोडला नाही. १९९३ साली शिक्षेपुरती माफी मिळाली. ३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयाने दोषसिद्धीच रद्द केली. मूळ खटल्यातील न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी ज्यूरीला केलेले मार्गदर्शन अन्यायकारक ठरले. आयरिस मात्र १९९७ सालीच निवर्तल्या होत्या.

९/ शब्दकोश एका शब्दाचे दहा अर्थ शेजारी शेजारी मांडू शकतो. न्यायालयाला त्यांतला एकच निवडावा लागतो. निवड चुकली, तर शब्दकोशाची पुढची आवृत्ती निघते. माणसाची निघत नाही.