पाडांगची खानावळ : घर सोडलेल्या माणसांचा इतिहास

राजे, लढाया, तह यांचा इतिहास आपण नेहमी ऐकतो. आज जेवणाच्या टेबलावरून इतिहास बघू. विषय आहे इंडोनेशियातली एक साधी खानावळ.

इंडोनेशियातल्या जवळजवळ कुठल्याही शहरात जा, काचेच्या खिडकीत बशांवर बशा रचलेलं एखादं दुकान दिसतंच. वर पाटी असते, 'रुमाह माकान पाडांग'. रुमाह म्हणजे घर, माकान म्हणजे खाणं. पाडांग हे सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर.

इथे आजीपासून नातवंडांपर्यंत अख्खं कुटुंब येऊन बसतं. काय हवं ते कुणी विचारत नाही. वाढपी एका हातावर बशांची उतरंड पेलत येतो आणि टेबल भरून टाकतो. नारळाच्या दुधातली माशाची आमटी, कोंबडी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कसावाचा उकडलेला पाला (कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद) आणि मांसाचं रेंदांग. बोटं धुवायला वाटीत पाणी. ज्या बशीतलं खाल्लं तिचेच पैसे द्यायचे, बाकीच्या बशा परत जातात. या वाढण्याला 'हिदांग' म्हणतात.

आता बघा, गिऱ्हाइकासमोर न मागता सगळं मांडायचं ही रीत दुकानदाराची वाटत नाही, यजमानाची वाटते. ही माणसं कोण?

हे मिनांगकबाऊ लोक. २०१० च्या जनगणनेत इंडोनेशियात त्यांची संख्या सुमारे ६५ लाख होती. धर्माने मुसलमान, पण वंश आईकडून चालतो. शिंगांसारखी टोकं असलेल्या छपराचं वडिलोपार्जित घर आणि शेतजमीन आईकडून मुलीकडे जाते. 'वडिलोपार्जित' म्हटलं मी, पण इथे तो शब्दच चुकीचा ठरतो! पूर्वी मुलगा जरा मोठा झाला की गावातल्या सुराऊत, म्हणजे प्रार्थनाघरात, झोपायला जायचा. लग्नानंतर तो बायकोच्या घरी राहायला जाई, आणि तिथे त्याचा मान पाहुण्याचा. मालकीचं घर कुठेच नाही. मग तरुणाने काय करायचं? बाहेर पडायचं, कमवायचं, शहाणं होऊन यायचं. याला ते 'मरांताऊ' म्हणतात.

आणि रेंदांग हा या प्रवासाला साजेसा पदार्थ. नारळाचं दूध आणि मसाला मांसात तासन् तास आटवत नेतात, पाणी पार उडतं, म्हणून ते दिवसचे दिवस टिकतं. परगावी गेलेल्या अनेकांनी पुढे आईच्या हातची हीच चव विकायला काढली. अशा बऱ्याच खानावळींत पगाराऐवजी नफ्यातला वाटा मिळतो. आचारी, वाढपी, भांडी घासणारा, प्रत्येकाचे हिस्से ठरलेले. या पद्धतीला 'मातो' म्हणतात.

पण मरांताऊ शतकानुशतकं चालू होतं. मग या खानावळी देशभर इतक्या पसरल्या कशा? इथे राजकारण येतं.

स्वातंत्र्यानंतर सुमात्रात एक तक्रार वाढत होती : तेल-रबर आमचं, निर्यातीचा पैसा मात्र जावाला. १ डिसेंबर १९५६ रोजी उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हाता यांनी पद सोडलं. हाता स्वतः मिनांगकबाऊ. १५ फेब्रुवारी १९५८ रोजी बंडखोरांनी सुमात्रात वेगळं क्रांतिकारी सरकार जाहीर केलं. देश तोडायचा नव्हता, जकार्तातलं सरकार बदलायचं होतं. सुकार्नोंच्या फौजा एप्रिलमध्ये पाडांगला उतरल्या. डोंगरांत लढाई १९६१ पर्यंत रेंगाळली.

या पराभवाने समाजाचा कणा मोडला. लोक हजारोंनी जकार्ताकडे निघाले, आणि या वेळी तरुणांबरोबर कुटुंबंही निघाली. 'मिनांग' म्हणजे बंडखोर, असा शिक्का बसला होता. कित्येकांनी मुलांना ओळख लपवणारी, जावा बेटावरची वाटतील अशी नावं दिली. खानावळींवर जमातीऐवजी 'पाडांग' हे शहराचं नाव रुळलं, त्यालाही ही भीती कारण असावी, असं काही अभ्यासक मानतात.

हे लक्षात घ्या. ज्या सरकारविरुद्ध हा प्रांत उठला, त्याच्याच राजधानीत या हरलेल्या माणसांनी टेबलं मांडली. ज्यांचं नाव पाटीवर लिहायचं धाडस नव्हतं, त्यांचं जेवण पुढच्या काही दशकांत साऱ्या देशाचं झालं. आज जावा बेटावरचं कुटुंबही रविवारी तिथे जेवतं, रेंदांगला आपलंच म्हणतं.

हा सगळा गोडवा समजू नका. समेट असा कुणी बोलून केला नाही. मारले गेलेल्यांचा हिशेब टेबलावर मिटत नाही. पण पराभूतांना आपल्या देशात पुन्हा जागा कशी मिळते, याचं एक उत्तर या बशांच्या उतरंडीत आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.