वाऱ्याला मिळालेली जागा : प्रोसेसरच्या पंख्याचा इतिहास

संगणकाच्या पेटीतून ऐकू येणारी घरघर बहुतेकदा प्रोसेसरवरच्या पंख्याची असते, पण हा पंखा संगणकाइतका जुना नाही. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये पंखा होता, तो वीजपुरवठ्याच्या धातूच्या डब्यात, ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेगाने चालणारी इंटेलची ८०८८ ही चिप मात्र मदरबोर्डवर उघडीच बसलेली असे, आणि ती जेमतेम दीड-दोन वॅट वीज खात असल्याने तिची उष्णता आसपासच्या हवेत आपोआप विरून जाई. त्याही आधीच्या, १९७७ च्या ॲपल टूमध्ये तर एकही पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज खपत नसे, आणि रॉड होल्ट यांनी त्या यंत्रासाठी स्विचिंग पद्धतीचा, म्हणजे वीज अतिशय जलद तोडून-जोडून हवे ते व्होल्टेज मिळवणारा आणि म्हणून कमी तापणारा वीजपुरवठा तयार केल्यामुळे ती इच्छा पुरी झाली. १९८० च्या ॲपल थ्रीमध्ये तोच आग्रह पुढे चालवला गेला आणि ते यंत्र तापण्याच्या तक्रारींनी बदनाम झाले, कारण पंखा काढून टाकल्याने आवाज जातो, उष्णता जात नाही.

ही उष्णता वाढत गेली त्याची हकीकत थोडक्यात सांगता येते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता तेवढीच राहते. व्यवहारात व्होल्टेज त्या प्रमाणात उतरले नाही आणि वेग मात्र त्याहून अधिक चढला. १९९३ मधील ६६ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमची कमाल उष्णता १६ वॅटच्या घरात होती. २००१ मधील १.४ गिगाहर्ट्‌झच्या एएमडी ॲथलॉनची ७२ वॅट झाली, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या, सुमारे १२० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून बाहेर पडू लागली. अशा तुकड्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरवणारा ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पत्रेदार ठोकळा, नुसता ठेवून भागेना. त्याच्या पत्र्यांमधून वारा जोराने रेटणे भाग पडले.

तो रेटण्याचे काम ज्या पंख्यांवर येऊन पडले, ते ६० मिलिमीटर रुंदीचे होते, कारण प्रोसेसरभोवती तेवढीच जागा मोकळी ठेवलेली असे. कोणत्याही पंख्याची आवाजाची गोष्ट त्याच्या पात्यांपासून सुरू होते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ७००० फेरे घेऊ लागला (आणि त्या काळी उत्साही मंडळी खरोखर असे पंखे लावत), तर पात्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला २२ मीटर होतो, आणि चौकटीच्या दांड्यांसमोरून सेकंदाला सुमारे ८१७ वेळा पाते जाते. ८१७ हर्ट्‌झचा सूर मानवी कानाला चांगलाच टोचतो, म्हणून त्या पंख्यांचा आवाज घरघरीपेक्षा शिट्टीकडे झुकलेला असे. दोष मोटारीचा समजला जाई. वास्तविक तो वाऱ्याला दिलेल्या अरुंद वाटेचा होता.

पंख्यांचे नियम या नावाने यंत्र अभियांत्रिकीत जी सूत्रे शिकवली जातात, त्यांवरून हे नेमके मोजता येते. एकाच घडणीच्या दोन पंख्यांमध्ये हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या आणि व्यासाच्या घनाच्या गुणाकारानुसार बदलते; म्हणजे ६० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला, तर तेवढीच हवा ७००० ऐवजी ८७५ फेऱ्यांत मिळते. पात्यांच्या टोकांचा वेग २२ वरून साडेपाच मीटरवर उतरतो आणि आवाज हिशेबाने २४ डेसिबेलच्या आसपास कमी होतो. ही घट केवढी, हे समजण्यासाठी एवढे लक्षात घ्यावे की, एकसारखे दोन पंखे चालू असताना एक बंद केला तर फक्त ३ डेसिबेल कमी होतात. मात्र हे दान फुकट पडत नाही. त्याच हिशेबाने पंख्याचा दाब, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटून नेण्याची त्याची ताकद, सोळाव्या हिश्श्यावर येते. दाट पत्र्यांच्या जुन्या हीटसिंकवर असा संथ पंखा बसवला, तर हवा आत शिरण्याऐवजी कडेने निसटते. शांततेसाठी म्हणूनच आधी हीटसिंक बदलावा लागला आणि पंखा त्याच्या मागून आला; या इतिहासातला खरा वळणबिंदू तोच आहे.

तो बदल शक्य केला उष्णतानलिकेने. आतून सच्छिद्र अस्तर असलेली ही सीलबंद तांब्याची नळी असते. तिच्यातले थोडेसे द्रव तापलेल्या टोकाला वाफ होऊन पळते, थंड टोकाला पुन्हा द्रव होते आणि अस्तरातून झिरपत परत येते. अमेरिकेतील लॉस ॲलमॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तिला हे रूप आणि नाव दिले. प्रोसेसरची उष्णता या नळ्यांनी उचलून मदरबोर्डच्या वर, मोकळ्या जागेत नेता येऊ लागली, आणि तेथे विरळ पत्र्यांचे उंच मनोरे रचता आले. तैवानच्या थर्मलराइटचा १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी घडवलेला एक्सपी-१२० हा हीटसिंक २००४ मधला, तर जपानच्या साइथचा निन्जा हा मनोरा २००५ मधला; निन्जाचे पत्रे इतके विरळ ठेवलेले होते की, अगदी मंद वाराही त्यांतून सहज आरपार जाई.

त्याच सुमारास चिपच्या बाजूनेही साथ मिळाली. २००४ मध्ये पेंटियम ४ ची उष्णता ११५ वॅटपर्यंत पोचली, आणि त्याचा वारस म्हणून तयार होत असलेला टेजस हा प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. २००६ मधील कोअर टू डुओ ६५ वॅटवर आला. एका कंपनीची ही माघार शांत संगणकांच्या वाट्याला आलेली मोठी देणगी ठरली.

पंख्याच्या पोटातली यंत्रणाही जवळून पाहण्यासारखी आहे. प्रचलित पंख्यात वेटोळी मध्यभागी स्थिर असतात आणि पात्यांच्या गाभ्यात बसवलेले कड्यासारखे चुंबक त्यांच्याभोवती फिरते. घासणारे ब्रश नसतात, चुंबकाचा ध्रुव कोठे आला हे एक छोटा हॉल-संवेदक ओळखतो आणि त्यानुसार वेटोळ्यांतला प्रवाह बदलतो. बंद पंखा बोटाने सावकाश फिरवला, तर तो जागोजाग किंचित अडतो आणि मग पुढे सटकतो. हे अडणे म्हणजे चुंबकाची ओढ, आणि फेरे फार कमी झाले की शांत खोलीत बारीक टकटक ऐकू येते तीही बऱ्याचदा तिचीच.

बेअरिंगचे तीन मुख्य प्रकार ठरलेले आहेत. नळीसारखे साधे स्लीव्ह बेअरिंग स्वस्त आणि नवेपणी शांत असते, पण उष्णतेने त्यातले तेल आटते. तेव्हा गाभ्यावरचा कागदी शिक्का सोलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडण्याची युक्ती दुरुस्तीवाल्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. बॉल बेअरिंग अधिक टिकते, पण गोळ्यांची बारीक खरखर पहिल्या दिवसापासून सोबतीला असते. तिसऱ्या प्रकारात फिरणाऱ्या आसाभोवती तेलाचा दाबयुक्त थर तयार होऊन आस त्यावर तरंगतो. संथ आणि दीर्घायुषी पंख्यांसाठी हाच प्रकार पुढे रूढ झाला.

वेग कमी करण्याची पहिली रीत घरगुती होती. संगणकाच्या वीजपुरवठ्यात १२ आणि ५ व्होल्टच्या तारा असतात. पंख्याची ऋण तार जमिनीला न जोडता ५ व्होल्टच्या तारेला जोडली की त्याच्या वाट्याला उरलेले ७ व्होल्ट येतात आणि तो मंदावतो. यात तापमानाप्रमाणे वेग बदलण्याची सोय नव्हती, आणि व्होल्टेज फार उतरवले तर पंखा सुरूच होत नसे. २००४ च्या सुमारास इंटेलने रूढ केलेल्या चार तारांच्या पंख्यात १२ व्होल्ट कायम ठेवून चौथ्या तारेने सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा दिला जातो. हा आकडा सहेतुक निवडलेला आहे, कारण माणसाच्या कानाची मर्यादा २० हजारांच्या आसपास संपते आणि त्यामुळे या उघडझापीची कुणकुण कानाला लागत नाही.

त्यानंतरची प्रगती मिलिमीटरच्या अंशांत मोजावी लागते. २००५ मध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ या नाममुद्रेने २०१८ मध्ये १२० मिलिमीटरचा एक पंखा आणला, ज्यात पाते आणि चौकट यांमधली फट अवघी अर्धा मिलिमीटर आहे. एवढ्या फटीसाठी वेगळे, ताठ प्लास्टिक लागले, कारण साधे प्लास्टिक सततच्या फिरण्याने आणि उष्णतेने हळूहळू ताणले जाते आणि पाते चौकटीला घासण्याचा धोका राहतो. फट जितकी मोठी, तितकी दाबाखालची हवा टोकावरून मागे वळते आणि खळबळते. ती अरुंद केल्यावर संथ पंख्याला गमावलेल्या दाबाचा काही भाग परत मिळतो.

पंखा निवडताना वेष्टणावरचा हवेच्या प्रमाणाचा मोठा आकडा म्हणूनच फसवा ठरतो, कारण तो समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. दाट पत्र्यांसाठी दाब देणारी रुंद पाती, विरळ मनोऱ्यासाठी संथ पंखा आणि दोन्हींसाठी चौथी तार, असा क्रम अधिक विश्वासाचा आहे. उष्ण प्रदेशात आणखी एका हिशेबाची भर पडते. विदर्भात कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपवणारी पेटी डोळ्यांपुढे येते, आणि ती पाण्याच्या बाष्पीभवनामुळे बाहेरच्या हवेहून थंड वारा देते. प्रोसेसरचा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंखा यांची जोडी, मात्र खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. जो कूलर चिपला खोलीपेक्षा ४० अंश वर राखतो, तो २५ अंशांच्या खोलीत तिला ६५ वर ठेवील आणि मे महिन्यात नागपूरच्या ४३ अंशांच्या खोलीत ८३ वर, आणि थंडीत ऐकूही न येणारा पंखा तेव्हा पूर्ण वेगाने घोंगावू लागेल. तेथे पैसे आधी मोठ्या हीटसिंकवर खर्च करणे योग्य, आणि पत्र्यांच्या कडांवर साचलेला धुळीचा थर वर्षातून दोनदा मऊ ब्रशने काढणेही तितकेच गरजेचे आहे, कारण तो थर विरळ पत्र्यांनाही पुन्हा दाट करून टाकतो.