दाताला काय चिकटते? डेंटल बाँडिंगचा छोटा इतिहास

१/ पुढच्या दाताचा टवका उडाला आहे, किंवा दोन दातांत फट आहे. दंतवैद्य बाँडिंग सुचवतात. करावे का? या प्रश्नाचे निम्मे उत्तर इतिहासात आहे.

२/ 'सुंदर दात म्हणजे पांढरे दात' हे समीकरण सार्वकालिक नाही. जपानमध्ये 'ओहागुरो' या प्रथेत काळे दात प्रतिष्ठेचे मानले जात. १८७० मध्ये मेइजी शासनाने सरदारवर्गाला बंदी केली, १८७३ मध्ये सम्राज्ञीनेच ती प्रथा सोडली. आपल्याकडेही स्त्रिया दातवण लावून दात काळे करीत.

३/ १९३० च्या दशकात हॉलीवूडचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर पातळ आवरणे बसवीत. कवळीच्या चिकट भुकटीवर ती चित्रीकरणापुरतीच टिकत.

४/ कारण दाताला धरून राहील असे काही उपलब्धच नव्हते. भरण टिकावे म्हणून दाताचा निरोगी भागही कोरून खाच करावी लागे.

५/ १९५५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी कारखान्यांकडे पाहिले. तेथे धातूवर रंग पक्का बसावा म्हणून फॉस्फोरिक आम्ल वापरीत. त्यांनी ८५ टक्के आम्ल ३० सेकंद एनॅमलवर लावले. पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडले. त्यांत रेझिन शिरून घट्ट झाले.

६/ १९६२ मध्ये राफेल बोवेन यांना बिस-जीएमए रेझिनचे पेटंट मिळाले. त्यात बारीक खनिज भुकटी मिसळून दाताच्या रंगाचे 'कंपोझिट' घडले. आजचे बाँडिंग या दोन शोधांवर उभे आहे.

७/ आता निर्णयाकडे. पकड मुख्यतः एनॅमलवर असल्याने लहान टवका, छोटी फट, किरकोळ डाग यांसाठी बाँडिंग उत्तम. दात फारसा कोरावाही लागत नाही. मात्र कीड किंवा हिरड्यांचा आजार असल्यास आधी तो बरा करावा. झोपेत दात खाण्याची किंवा नखे कुरतडण्याची सवय असल्यास कंपोझिट तुटते. चहा-कॉफी-तंबाखूने ते डागाळते आणि ब्लीचिंगने उजळत नाही. म्हणून दात उजळायचे असल्यास ते आधी. काही वर्षांनी डागडुजी अटळ, तो खर्चही आजच विचारावा.

८/ व्हेनिअर वा कॅप अधिक टिकते. पण त्यासाठी बहुधा एनॅमल घासावे लागते, आणि एनॅमल पुन्हा उगवत नाही. सौंदर्याची व्याख्या मात्र एका पिढीत पालटते, हे जपानने पाहिले. म्हणून दंतवैद्याला पहिला प्रश्न हाच विचारा : 'यात माझा किती दात जाणार?'