पायडलवाली लुना

दुचाकीच्या धंद्यात मोठ्यांशी टक्कर घ्यायची, तर त्यांच्याहून दांडगी गाडी काढावी लागते, अशी आपली समजूत असते. महाराष्ट्रात मात्र एकदा नेमके उलटे घडले.

1970 च्या सुमाराची स्थिती आठवा. स्कूटर म्हटली की बजाज नाही तर लॅम्ब्रेटा. मोटारसायकल म्हणजे एन्फील्ड, जावा, राजदूत. कोणी किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. स्कूटरसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची! शाळामास्तर, दूधवाला, छोटा दुकानदार यांच्या नशिबी सायकलच.

सायकल आणि स्कूटर यांच्यामधली ही रिकामी जागा हस्तीमल फिरोदियांनी हेरली. वाहनधंदा या घराला नवा नव्हता. त्यांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली ‘लुना’ बाजारात आणली: 50 सीसीचे इंजिन, गिअरची कटकट नाही आणि सायकलीसारखी पायडले. पेट्रोल संपले, तर पायडल मारीत घर गाठावे. आपल्या किनाऱ्यावर, म्हणजे 1981 पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यात, कार्लेखिंडीसारखा चढ लागला की याच पायडलांनी इंजिनाला हात द्यावा.

आता कोणी म्हणेल, लुनाचा मूळ आराखडा तर इटलीच्या पियाज्यो कंपनीचा. मग यात आपले ते काय? आक्षेप खरा आहे. पण गिऱ्हाईक इटलीहून आलेले नव्हते, बरं का! मोठ्या कारखान्यांच्या दारात रांग लागलेली होती. त्यांना आणखी गिऱ्हाईक शोधण्याची गरजच नव्हती. ज्याला त्या रांगेत उभे राहणेही परवडत नव्हते, त्याच्यासाठी गाडी काढणे, हे फिरोदियांचे स्वतःचे. मोठ्यांना खरे आव्हान दिले ते इथे.

हा हिशेब इतरांनाही पटला. 1980 साली दक्षिणेतून टीव्हीएस 50 आली आणि लुनाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला. पुढे 1985 साली हीरो होंडाने थोड्या पेट्रोलात पुष्कळ धावणारी मोटारसायकल आणली. परवान्यांचे दिवसही सरले. हप्त्याने मोटारसायकल मिळू लागल्यावर लुनाची मागणी ओसरली आणि तिचे उत्पादन थांबले.

2024 साली याच घराण्यातल्या किनेटिक ग्रीन कंपनीने विजेवर चालणारी ई-लुना काढली. तिचे यश-अपयश मोजताना आपण वेग पाहू नये. पाठीवर ओझे घेऊन रोज बाजार गाठणाऱ्या माणसाला ती परवडते का, एवढे विचारावे.