होनोलूलूची मैफल

१४ जानेवारी १९७३ रोजीं मध्यरात्र उलटून अर्धा तास झाल्यावर हवाई बेटांतील होनोलूलू शहरीं एल्व्हिस प्रेस्ले हा अमेरिकन गायक रंगमंचावर आला. मैफलीस ही अवेळ कां निवडली, असें वाचकांस वाटेल. त्याचें कारण असें कीं, जपानांत तेव्हां सायंकाळचे साडेसात वाजले होते, आणि हें गाणें उपग्रहाच्या द्वारें त्याच क्षणीं तेथील घराघरांत दिसावयाचें होतें. १९५७ मधील कॅनडाची फेरी सोडली, तर या गायकानें आपल्या देशाबाहेर कधींहि मैफल केली नाहीं. यंत्रानेंच त्याच्यासाठीं समुद्र ओलांडला.

ही मैफल एक ते दीड अब्ज लोकांनीं पाहिली, असें पुढें सांगण्यांत येऊं लागलें, आणि तो आकडा पुस्तकांमागून पुस्तकांत बिनबोभाट उतरत गेला. मला तो मुळींच पटत नाहीं. पृथ्वीवर तेव्हां माणसें सुमारें ३९० कोटि. खुद्द अमेरिकेनें हा कार्यक्रम पाहिला तो ४ एप्रिल रोजीं. आपल्याकडे तर मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते, आणि दिल्लीखेरीज दुसरें केंद्र देशांत नव्हतें. मग हे दीड अब्ज डोळे आले कोठून? जाहिरातदाराचें गणित इतिहासकारानें तपासल्यावांचून घेऊं नये.

या गदारोळांत खरी गोष्ट बाजूस पडली. मैफलीस ठराविक तिकीट नव्हतें. ज्यानें त्यानें यथाशक्ति द्यावें, आणि तें द्रव्य कुई ली या हवाईंतील गीतकाराच्या नांवें उघडलेल्या कर्करोग-निधीस जावें, अशी योजना होती. अपेक्षा २५,००० डॉलरांची, जमले ७५,०००. ली हा १९६६ सालीं त्याच रोगानें वारला. त्याचें ‘आयल रिमेंबर यू’ हें गीत प्रेस्लेनें त्या रात्रीं गायिलें.

इंग्रजी काव्याच्या वर्गांत आम्ही ‘बॅलड’ शिकवितों, तो आपल्या पोवाड्याचा दूरचा भाऊ, कथा सांगणारा. अमेरिकेच्या बाजारांत मात्र त्या शब्दाचा अर्थ संथ लयीचें भावगीत असा होऊन बसला आहे, आणि लीचें गीत या दुसऱ्या जातीचें. गरुडाचें चित्र रत्नखड्यांनीं मढविलेला तो पांढरा पोषाख, तो प्रचंड वाद्यवृंद, शेवटीं प्रेक्षकांत भिरकावलेला झगा, हें सारें पाहणारास दिपवून टाकतें. ‘ॲन अमेरिकन ट्रिलॉजी’ या गाण्याचा चढता शेवट तर टाळ्यांसाठींच रचलेला दिसतो. परंतु चित्रफितींत आज ती मैफल पाहतांना माझें मन रेंगाळतें तें या लहानशा गीतापाशीं. निरोप घेणाऱ्याचें तें गीत आहे. तेथें प्रेस्ले आपला आवाज आवरून धरतो. एरव्हीं हा गुण त्याच्या अंगीं फारसा नव्हता. स्वतः तोहि १९७७ च्या ऑगस्टांत, ४२ व्या वर्षीं गेला.

ली त्या रात्रीं हयात असता, तर चाळीस वर्षांचा असता.