कुत्र्याच्या पिसवा आणि प्लेगच्या उंदराची बाटली

शिरड शहापूरहून एक व्हॉइस मेसेज आलाय: "दादा, आमच्या कुत्र्याला लई पिसवा झाल्यात. कपाशीवर फवारायचं औषध अंगाला लावलं तर चालंल का?"

अजिबात नाही! कुत्रं अंग चाटतं, विष पोटात जातं, आणि पिसवांच्या आधी कुत्रंच दगावू शकतं. शिवाय त्याने पिसवा संपत नाहीत. का, ते सांगायला प्लेगच्या काळात जावं लागेल.

१८९७. पुणे. रँडच्या हुकमाने सोजीर घरात घुसायचे, सामान बाहेर काढायचे, घरं औषधाने धुवायचे. लोकांचा संताप एवढा, की २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे सगळं रामायण घडलं तेव्हा प्लेग उंदराकडून माणसाकडे नेमका येतो कसा, हे धुणाऱ्या साहेबांनाही माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २ जून १८९८ ला, कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने एक प्रयोग केला. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.) प्लेगने आजारी उंदीर मोठ्या काचेच्या बाटलीत ठेवला. त्याच्या अंगावरच्या पिसवा कमी वाटल्या, म्हणून हॉटेलात फिरणाऱ्या एका मांजरीच्या पिसवा त्यात सोडल्या! मग जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर आत टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांनी वरचाही प्लेगनेच मेला. अंग थंड पडलं की पिसू दुसरं गरम अंग शोधते.

सिमोंवर बरीच वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग कमिशनने गिनीपिग थेट प्लेगच्या घरांत ठेवले. उघड्यावरच्यांना प्लेग झाला. बारीक जाळीआड, जिथे पिसू पोचत नव्हती, तिथले वाचले. म्हणजे धोका घरातल्या पिसवांमध्ये होता.

तुमच्या कुत्र्याचंही तसंच आहे. (प्लेगची भीती नको, तो मुख्यतः उंदराच्या पिसवेचा खेळ.) अंगावर दिसते ती मोठी पिसू. तिची अंडी गुळगुळीत, कुत्रं हललं की खाली सांडतात: गोणपाटात, फटींत, ओट्याखाली. तिथेच अळ्या होतात, कोष होतात. कोषातली पिसू कित्येक आठवडे गप्प बसून राहते, हालचाल जाणवली की बाहेर. म्हणून आज आंघोळ घातली तरी पंधरा दिवसांनी पुन्हा खाजवणं सुरू.

आणि हे नुसतं खाजवणं नसतं. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. शेपटीच्या मुळाशी केस जातात, कातडी लाल होते, जखमा चिघळतात. खाजवताना पिसू गिळली तर पोटात पट्टकृमी होतो, मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. लहान पिल्लांचं तर रक्तच कमी होतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर उद्यावर टाकू नका.

जनावरांच्या डॉक्टरांकडे जाताना कुत्र्याचं वजन करून जा, पिसवांचं औषध वजनावर ठरतं. जंताचं औषधही विचारा. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्याची काही औषधं मांजरीच्या जिवावर बेततात. अंथरुण गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका, फटी झाडा. आणि हे एकदाच नाही, दोनतीन महिने चालू ठेवा.